आधी दारू सोड, मग बघू?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या आत्महत्यांचा अहवाल प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अहवालात १ लाख ७० हजार ९२४ मृत्यूंची नोंद आहे. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक समस्यांपुढे ३१.७ टक्के, आजारपणापुढे १८.४ टक्के आणि दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनापुढे ६.८ टक्के असे आकडे आहेत. मानसिक आजार ‘आजारपणा’च्याच पोटात धरलेले असतात. तक्ता नीटनेटका आहे. अडचण एवढीच, की त्यात एका माणसाच्या वाट्याला एकच रकाना येतो.

वऱ्हाडातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन वॉर्डात आठवडाभर काम करून पाहा. माणसं अशी एका रकान्यात मावत नाहीत. घरात रोजचा तंटा असलेला माणूस बऱ्याचदा पिणारा असतो. पिणाऱ्याला महिनोन्‌महिने धड झोप नसते. झोप नसली की कामात मन लागत नाही, पेरणी मागे पडते, सोसायटीचं कर्ज थकतं आणि तंटा आणखी वाढतो. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला? कागदावर मात्र एकच शब्द लिहिला जातो.

आपल्या भागात या एका शब्दाला पैशाचंही वजन आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देताना २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाचे निकष लावले जातात. शेती कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, थकलं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. त्यामुळे गेलेल्या माणसाच्या पिण्याबद्दल बोलायला घरचे घाबरतात, आणि त्याच्या उदासीबद्दल बोलायची तर कुणाला सवयच नसते. माणसाचं खरं दुखणं त्याच्यासोबतच जातं. जे मागे आहेत, त्यांच्यासाठी त्यातून शिकायचं राहून जातं.

शिकायचं काय, ते थोडक्यात सांगता येतं. व्यसन आणि मनाचा आजार एकाच माणसात असतील, तर दोन्हींवर उपचार एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी व्हायला हवेत. आपल्याकडे घरापासून सरकारपर्यंत सगळे म्हणतात, ‘आधी दारू सोड, मग बघू.’ या ‘मग’च्या अलीकडेच पुष्कळ माणसं हातची जातात.

आधी काय, दारू की उदासी?

ओपीडीत पिणाऱ्या मुलाला घेऊन आलेली आई सांगते, ‘याची दारू तेवढी सोडवून द्या जी, बाकी पोरगं सोन्यावानी आहे.’ मुलगा खाली मान घालून सांगतो, ‘मले पेल्याशिवाय झोपच नाई येत जी.’ ही दोन वाक्यं आमच्या कानावर इतक्या वेळा पडतात, की ती कुणा एकाची राहिलेली नाहीत. दोघंही खरं बोलत असतात. आईला दारू दिसते, मुलाला न येणारी झोप दिसते.

वैद्यकशास्त्र या जोडीकडे तीन वाटांनी पाहतं. पहिली वाट: मनाचा आजार आधीचा. सततची धास्ती, उदासी, कानात आवाज येणं, कधीकाळी बसलेला मोठा धक्का, यांवर माणूस आपल्या परीने औषध शोधतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते सहज मिळतं. एडवर्ड खांट्झियन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८५ मध्ये ही कल्पना नीट मांडली. माणूस नशा मजेसाठीच करतो असं नाही, सोसवत नाही ते बधिर करण्यासाठीही करतो, असं त्याचं म्हणणं. दुसरी वाट उलटी: दारू आधीची, आणि वर्षानुवर्षांच्या पिण्याने मेंदूचं रसायन बिघडून उदासी आलेली. तिसरी वाट दोघांना एकाच मुळाकडे नेते. घराण्यातून आलेला कल, लहानपणीची मारहाण, गरिबी, एकटेपणा, यांतून दोन्ही आजार फुटतात.

प्रत्यक्षात या वाटा एकमेकींत मिसळतात. झोपेचंच पाहा. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं. पण रात्रीच्या उत्तरार्धात तिचा अंमल उतरतो आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. त्या अंधारात कर्ज, पोरीचं लग्न आणि बायकोचे शब्द तिप्पट मोठे होऊन समोर येतात. दुसऱ्या रात्री तो थोडी जास्त पितो. वर्षभरात उदासी कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होतं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

ही जोडी विरळ नाही. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, २० हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत दारूचा विकार असलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा एखादा मानसिक आजारही झालेला आढळला. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होतं. गांजाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्या काही मुलांमध्ये, विशेषतः घराण्यात गंभीर मनोविकार असेल तर, भास आणि संशयाचा आजार लवकर उफाळून येतो. आणि आपल्याकडच्या खर्ऱ्याला तर कुणी व्यसनात धरतच नाही. मानसिक आजार असलेल्यांत तंबाखूचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि त्यांचं आयुष्य कमी करण्यात तिचा मोठा वाटा असतो.

श्रावण काय सांगतो

आधी काय, हे ओळखायला रक्ताची चाचणी नाही. त्यासाठी दारूविना जाणारा काळ लागतो. केवळ दारूमुळे आलेली उदासी ती पूर्ण बंद झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. महिना उलटूनही ती तशीच असेल, तर तो स्वतंत्र आजार समजून औषधोपचार करायचा, असा ढोबळ नियम आहे. आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल, घराण्यात असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर महिनाभर थांबायचंही नसतं. उपचार लगेच सुरू करतात.

गंमत अशी, की हा महिनाभराचा तपास आपल्या पंचांगातच आहे. अट्टल पिणारेही श्रावण पाळतात आणि पोळ्याला किंवा पोळ्याच्या करीला पुन्हा सुरू करतात. घरच्यांना तो महिना सुखाचा वाटतो आणि करीच्या दिवशी ‘शेवटी गेलाच’ म्हणून चिडायला होतं. त्याऐवजी त्या चार आठवड्यांकडे नीट पाहावं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप सुधारली, भूक लागू लागली, माणूस हसू-बोलू लागला, तर बराचसा दोष दारूचा. दारू बंद आहे, पण तो गुमसुम बसतो, जेवणावरची वासना उडाली आहे, ‘जगून काय करू’ म्हणतो, तर दारूमागे दुसरं काही लपलेलं होतं आणि श्रावणाने ते उघडं पाडलं. डॉक्टरकडे आलात तर हे आवर्जून सांगा. ‘किती पितो’ यापेक्षा ‘प्यायचा थांबला होता तेव्हा कसा होता’ हा प्रश्न आम्हाला जास्त उपयोगी पडतो.

माळ घालून दारू सोडणाऱ्यांच्या बाबतीतही हेच. माळेने, शपथेने, गुरुकुंजाच्या प्रार्थनेने दारू सुटलेली पुष्कळ माणसं या भागात आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण एखाद्याची शपथ पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर त्याच्या श्रद्धेत खोट आहे असं समजू नये. त्याच्या मनाला काही आजार आहे का, ते तपासून घ्यावं.

सोडतानाही सांभाळून

रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात, कुणाला न विचारता दारू बंद करणं धोक्याचं असतं. दारू मेंदूला ब्रेक लावते, म्हणून मेंदू त्याविरुद्ध अॅक्सिलरेटर दाबून धरायला शिकतो. ब्रेक अचानक निघाला की गाडी सुसाट सुटते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, जीव घाबरा होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालताना दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं. अशा वेळी ‘वेड लागलं’ किंवा ‘बाहेरचं झालं’ म्हणून भलतीकडे नेण्यात वेळ गेला, तर जीव जाऊ शकतो. दवाखान्यात हेच पाच-सात दिवस औषधांच्या आधाराने आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी बरेच सुखरूप पार पडतात.

दुसरा धोका ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींचा. दारू पिताच त्रास व्हावा म्हणून डायसल्फिराम नावाची गोळी असते. रुग्णाने समजून-उमजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर ती उपयोगी आहे. भाजीत चोरून घातली आणि माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो गंभीर होऊ शकतो. शिवाय काहींमध्ये हीच गोळी भास-संशयाचा आजार चेतवते. म्हणजे ज्याला आधीच मनाचा आजार आहे, त्याला ती जास्त जपून द्यायची, आणि चोरून देताना नेमकं हेच कुणी पाहत नाही.

तिसरा धोका झोपेच्या गोळ्यांचा. अल्प्राझोलामसारखी गोळी दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतली, की एका व्यसनाची दोन होतात. नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांची नशा येत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ती मध्येच सोडायची नसतात. हा फरक न कळल्याने ‘मनाची गोळी म्हणजे आयुष्यभराची सवय’ असं समजून खरी औषधं बंद केली जातात आणि चुकीची चालू राहतात.

दोन खिडक्या, एक रुग्ण

आता व्यवस्थेकडे येऊ. व्यसनमुक्तीचा विषय केंद्रात सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान तेच देतं आणि १५ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेलं नशामुक्त भारत अभियानही त्याचंच. मानसिक आरोग्य मात्र आरोग्य मंत्रालयाकडे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि ऑक्टोबर २०२२ पासूनची टेलिमानस ही फोनसेवा त्याच्या अखत्यारीत येतात. कागदावर ही वाटणी सोयीची आहे. रुग्णाच्या वाट्याला मात्र दोन खिडक्या येतात. एका खिडकीवर ‘हा मानसिक रुग्ण दिसतो, आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाही’ असं ऐकायला मिळतं आणि दुसरीवर ‘पिऊन आलाय, उतरल्यावर आणा.’ रोजी बुडवून दर्यापूर किंवा मेळघाटातून आलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. आपल्याला जवळचं म्हणजे नागपूर. अमरावतीहून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, अकोला-बुलडाण्याहून त्याहून कितीतरी लांब.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींचा समावेश केला. साखळीने बांधून ठेवायला या कायद्याने बंदी आहे, आणि मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर तज्ज्ञांची तपासणी आणि ठरलेली पद्धत लागते. म्हणून रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारं ‘केंद्र’ निवडण्याआधी चार गोष्टी विचारा. नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? पहिल्या आठवड्यातला त्रास कोण सांभाळतं? घरच्यांना भेटू देतात का?

या तुटलेपणाची किंमत आकड्यांत दिसते. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच काही ना काही उपचार मिळतात.

आपल्याच जिल्ह्यातला धडा

यावर उपाय परदेशातून आणायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे नैराश्य आणि दारूचा विकार हे दोन्ही त्याने एकत्र हाताळले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी मनाच्या ताणाबद्दल बोलायला सुरुवात केली, प्रशिक्षित समुपदेशकांनी बोलून आधार दिला आणि गरज असेल त्याला मनोविकारतज्ज्ञापर्यंत नेलं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध केले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी मदत घेतली होती. कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७ वर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. ही आपल्याच मातीतली, कापूस-सोयाबीनवाली गावं होती.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत असाच प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी काही बैठकांत बोलायला लावलं. तीन महिन्यांनी त्यांतले ३६ टक्के पुरुष धोक्याबाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के होतं. नैराश्यासाठीच्या अशाच बैठकांचं यश ६४ विरुद्ध ३९ टक्के होतं. जे पूर्ण आहारी गेलेत, त्यांना याहून जास्त उपचार लागतात. पण तिथवर पोचण्याआधीच्या माणसाला गावातल्या आरोग्य केंद्रातच अडवता येतं, हे यातून सिद्ध झालं.

राज्य सरकारनेही २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात. तिथेच पिण्याबद्दलचे दोन-तीन साधे प्रश्न न चुकता विचारले जावेत, आणि ज्याची दोन्ही उत्तरं काळजीची आहेत त्याला आधी पाहिलं जावं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

पैशाचं म्हणाल, तर जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरची करवाढ मंजूर केली, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचं जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचं सांगण्यात आलं. दारू महाग होणं आरोग्याच्या दृष्टीने वाईट नाही. पण बाटलीमागे पैसा घेणाऱ्या सरकारवर त्या बाटलीमागच्या माणसाचीही जबाबदारी येते. या जादा उत्पन्नातला ठरावीक वाटा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एकाच छताखालच्या कक्षासाठी राखून ठेवावा. तिथे दारू उतरवण्याच्या खाटा, मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक आणि समाजसेवा अधीक्षक एकत्र असावेत, आणि केसपेपर एकच असावा.

गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या या भूमीने दारूविरुद्ध मोठं प्रबोधन केलं. राज्यात कित्येक गावांतल्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. ते काम चालूच राहावं. पण दारूवरचा राग पिणाऱ्या माणसावर उतरू लागला, की तो लपतो, आणि लपलेल्या माणसावर उपचार होत नाहीत. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून हेच दाखवून दिलं आहे, की व्यसनी माणसाला आधी माणूस म्हणून आत घ्यावं लागतं.

घरच्यांनी काय करावं

तो पिऊन असताना वाद घालू नका, सकाळी बोला. दारूबद्दल बोलण्याआधी झोप, भूक आणि मनाबद्दल विचारा. ‘जीव द्यावासा वाटतो का’ हे सरळ विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. ते कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे हवी. जुनी औषधं, चिठ्ठ्या आणि आधी दारू सुटली होती त्या काळाची आठवण घेऊन दवाखान्यात या. डॉक्टरांना दारू आणि मन, दोन्ही सांगा. एक लपवून दुसऱ्याचा उपचार नीट होत नाही. तो पुन्हा प्यायला, तर त्याला मधुमेहात साखर वाढल्यासारखं समजा, औषध बदलायची वेळ आली आहे म्हणा. आणि त्याच्या बायकोची झोप कशी आहे, हेही एकदा विचारा. त्या घरातला दुसरा रुग्ण बहुधा तीच असते आणि तिचा केसपेपर कुणीच काढलेला नसतो.

टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आणि व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६. क्रमांक दोन आहेत, कारण खाती दोन आहेत. कुठलाही लावा, पण गोष्ट दोन्हींची सांगा.